आढळला, वगळला

आमच्या धंद्यावर दिवाळी अंकात कोणी लिहीत नाही, कारण आमच्या धंद्याला मराठीत नावच नाही. पाटीवर मी ‘डेटा रिकव्हरी’ असं रंगवून घेतलं होतं. ती वाचून एकदा एक आजोबा धापा टाकत जिना चढून आले आणि पिशवीतून बंद पडलेला रेडिओ काढून म्हणाले, “यात जुनी गाणी असतील, तेवढी काढून द्या.” मी त्यांना पाणी दिलं, रेडिओत गाणी साठत नाहीत हे नीट समजावून सांगितलं. जाताना दारात थांबून ते म्हणाले, “साठत नाहीत, हे तुम्ही ऐकून बघितलंय का?” ते गेल्यावर मी पोटभर हसले होते. आता ती गोष्ट आठवली की हसू येत नाही.

नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर, चष्म्याच्या दुकानाच्या वर आमची एक खोली होती. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा ती घेतली आणि पुढची बारा-तेरा वर्षं चालवली. माणसं दोनच. एक मी आणि दुसरे सटाण्याकडचे देवरे. स्क्रू, सोल्डर, धूळ आणि रडवेल्या गिऱ्हाइकाची समजूत काढणं ही कामं देवरेंची. फायली माझ्या. माझा स्वभाव तुसडा आहे, हे मी स्वतःच सांगते, म्हणजे दुसऱ्यांना तसदी नको.

कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बिघडली किंवा कोणी चुकून पुसली, तरी आतला मजकूर बऱ्याचदा शाबूत असतो. जातात ती नावं. लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, पत्त्यांच्या खेळातलं चित्र, विंडोजचे स्वतःचे हजारो बारीकसारीक तुकडे, सगळे नुसते नंबर होऊन बाहेर येतात. साध्या ऑफिसच्या मशीनमधून पंधरा-वीस हजार फायली निघायच्या आणि त्यातल्या खरोखर त्या माणसाच्या म्हणाव्यात अशा असायच्या फार तर हजार. बाकीच्या बाजारातल्या पॅकेजांबरोबर आलेल्या. घरी आपण तांदूळ निवडतो तेव्हा खडे टाकतो आणि तांदूळ ठेवतो. मी तांदूळ टाकायचे आणि खडे ठेवायचे.

नाव पुसलेली फाईल विंडोजची की माणसाची, हे ओळखायचं ठशावरून. फाईल पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एका ठरावीक गणितातून काढली की बत्तीस अक्षरांची एक ओळ मिळते. इंग्रजीत तिला हॅश म्हणतात, मी ठसा म्हणायचे. फाईलमधला एक स्वल्पविराम खोडा, ठसा पार बदलतो. उलट फाईलचं नाव बदला, ती दुसऱ्या गावच्या मशीनवर न्या, दहा वर्षांनी उघडा, ठसा तोच. म्हणून मी बाजारात चालणारं एकेक पॅकेज आणलं, कोऱ्या डिस्कवर बसवलं आणि त्यातल्या एकूण एक फायलीचा ठसा घेऊन यादी केली. विंडोज, प्रिंटरच्या सीड्या, डिक्शनऱ्या, टायपिंग शिकवणारे प्रोग्रॅम, काही सोडलं नाही. गिऱ्हाइकाची डिस्क आली की तिच्यातले ठसे या यादीशी जुळवायचे. जुळला तो ओळखीचा. मशीन त्याच्यापुढे दोन शब्द लिहायचं: आढळला, वगळला. उरेल ते माणसाचं.

वगळलेली फाईल उघडायची नाही, हा माझा नियम होता. ओळखीच्या माणसाला आपण रोज नाव विचारतो का? देवरे कधी कुतूहलाने त्या ढिगात डोकावायला गेले तर मी त्यांना हटकत असे.

यादीचा मला गर्व होता आणि तो उगीच नव्हता. मालेगावचे हनीफभाई एकदा मशीन घेऊन आले. त्यांच्या मागावर लुंग्या विणल्या जात. किनारींचे सात-आठ वर्षांचे नमुने कॉम्प्युटरवर होते आणि ते करणारा कारागीर भांडून निघून गेला होता. जाताना सगळं पुसून गेला, असं हनीफभाईंचं म्हणणं. “मॅडम, बारा लोकांना दाखवलं. सब बोलले मशीन खाली आहे.” मी ठसे जुळवले. विंडोजच्या अगदी पोटातल्या फोल्डरमध्ये साठ-सत्तर फायली अशा निघाल्या, की नावं अस्सल विंडोजची आणि ठसे मात्र यादीत कुठेच नाहीत. उघडल्या तर एकेक किनार. पठ्ठ्याने काही पुसलंच नव्हतं, सरकारी गणवेश घालून रांगेत उभं केलं होतं. पुढेमागे परत यायचं मनात असावं. हनीफभाई पडद्याला हात लावून म्हणाले, “तुम्ही तर पोलिसापेक्षा भारी निघाल्या!” त्या दिवसापासून मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवू लागले, नाव खोटं बोलतं, ठसा खोटं बोलत नाही.

हेच वाक्य मी नलिनीबाईंनाही ऐकवलं.

त्यांच्याआधी त्यांच्या यजमानांबद्दल सांगायला हवं. दिवाकर त्यांचं नाव. मराठी टाइप करायचं ‘रेघ’ नावाचं पॅकेज त्यांनी इथेच, नाशिकमध्ये, एकट्याने बनवलं होतं. जिल्ह्यातल्या छापखान्यांत, पतसंस्थांत, अर्ज टाइप करून देणाऱ्यांकडे बऱ्याच ठिकाणी रेघच असायचं. त्याच्या नव्या आवृत्तीची सीडी द्यायला ते स्वतः जिना चढून आले होते. किडकिडीत माणूस, गळ्याला उन्हाळ्यातही मफलर, बोलणं घोगरं आणि हळू. “या वेळी आवाजही घातलेत, मॅडम,” ते म्हणाले. “कळ दाबली की टाइपरायटरसारखी टकटक होते. ओळ संपली की घंटी.” मी म्हटलं, माझ्या मशीनला स्पीकरच नाहीत. ते हसले आणि चहा अर्धाच पिऊन गेले. मी सीडी कोऱ्या डिस्कवर बसवली, सगळ्या फायलींचे ठसे घेतले आणि यादीत टाकले. नेहमीचं काम. अर्ध्या तासात संपलं.

पुढे सात-आठ महिन्यांनी नलिनीबाई आल्या. जेवणाच्या स्टीलच्या डब्यात, मऊ सुती कापडात गुंडाळून त्यांनी हार्ड डिस्क आणली होती. पस्तिशीच्या असतील. दिवाकर गेले होते. घशाचा कॅन्सर. शेवटचा उपाय म्हणून डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं, त्यानंतर महिनाभर ते पाटीवर लिहून बोलत. आणि गेल्यावर घरातल्या कोणीतरी, मशीन हळू चालतंय म्हणून, दुरुस्तीला दिलं. दुरुस्तीवाल्याने डिस्क साफ पुसून दिली.

“मला त्यातलं बाकी काही नको, ताई,” त्या म्हणाल्या. “फक्त त्यांचा आवाज पाहिजे.”

“रेकॉर्डिंग केलं होतं का त्यांनी?”

“ऑपरेशननंतर पाटीवर लिहून दाखवलं मला. ‘आवाज ठेवलाय. मिळेल.’ कुठे, म्हणून विचारलं तर मशीनकडे बोट केलं आणि नुसते हसले. घरी गेल्यावर दाखवतील म्हणून मी गप्प बसले. पण घरी येणं झालंच नाही.” मग त्या म्हणाल्या, “रोज सकाळी चहा तेच करायचे. मी उशिरा उठणारी. स्वयंपाकघरातून हाक मारायचे. तेवढी हाक मिळाली तरी पुरे. सहा महिन्यांत मी ती विसरायला लागलेय. डोळे मिटले की तोंड दिसतं, हलणारे ओठ दिसतात, आवाजच येत नाही.”

डिस्क तशी चांगल्या अवस्थेत होती. एकोणीस हजार फायली निघाल्या. ठसे जुळवले. आढळला, वगळला, आढळला, वगळला, ओळी वर सरकत राहिल्या आणि शेवटी उरल्या चारशेच्या आसपास. एवढी वर्षं रोज दहा-दहा तास त्या मशीनसमोर बसलेल्या माणसाचं उरलं ते एवढंच. अक्षरांच्या कच्च्या आकृत्या, गिऱ्हाइकांना लिहिलेली पत्रं, दवाखान्याचे कागद. आवाजाची फाईल एकही नाही. इतकी कमी शिल्लक मी त्याआधी पाहिली नव्हती. जणू त्या खुर्चीवर कोणी बसलंच नव्हतं.

नलिनीबाई तीन दिवस माझ्या शेजारी बसल्या आणि चारशेच्या चारशे फायली त्यांनी पाहिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी देवरे हळूच म्हणाले, “मॅडम, वगळलेल्या ढिगातही आवाजाच्या फायली असतील. एकदा ऐकून टाकू का सगळ्या? दोन तासांचं काम.”

“त्या विंडोजच्या टिंगटाँग आहेत, देवरे. आणि रेघची टकटक. ओळखीच्यात काय ऐकायचं?”

मी नलिनीबाईंना सांगितलं, यात नाही.

“पण ते खोटं लिहीत नसत, ताई.”

“ठसाही खोटं बोलत नाही,” मी म्हटलं.

त्या उठल्या नाहीत. डब्याच्या झाकणावर बोट फिरवत बसून राहिल्या. मग म्हणाल्या, की त्या आता इगतपुरीला भावाकडे राहायला जाणार, तिथे घरबसल्या अर्ज टाइप करून देणार, तर मशीनचा डबा घरून आणते, त्यात सगळं परत बसवून द्याल का? मी माझ्या हाताने विंडोज घातलं, माझ्या हाताने दिवाकरांच्याच सीडीवरून रेघ घातलं. मशीन पोत्यात बांधता बांधता देवरेंनी विचारलं, “स्पीकर देऊ का एक जोडी? जुने पडलेत आमच्याकडे.”

“नको,” नलिनीबाई म्हणाल्या. “आता काय ऐकायचंय?”

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात नांदगावचे शांताराम नावाचे छापखानेवाले आले. रिक्षातून त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उतरवून घेतला, तो चादरीत गुंडाळलेला आणि चालू करायच्या बटणावर लिंबू-मिरची बांधलेली. मला हसू आवरेना.

“हसू नका, मॅडम,” ते म्हणाले. “मशीन बोलतंय.”

“काय बोलतंय?”

“गडी माणसाचा आवाज हाय. लय हळू, आजारी माणूस बोलतो तसा. आमच्याकडं दुपारी लाईट जाती. परत आली, मशीन लावलं, का बोलतंय. आधी खाकरतंय, मग ‘ऊठ’ म्हणतंय. पुढचं काय कळत नाय, मशीनचे पंखेच लय घरघरत्यात. टाइप करणारी बाई हुती, ती खुर्चीवरनं उठली ती परत आलीच नाय.”

“व्हायरस असेल.”

“व्हायरस खाकरतो का?” शांतारामांनी विचारलं.

मी नेहमीच्या रीतीने डिस्क काढून माझ्या मशीनला जोडली. व्हायरस म्हणजे अनोळखी फाईल, आणि अनोळखी फाईल माझ्या यादीतून सुटत नाही. छापखान्याच्या पत्रिका आणि पावत्या निघाल्या, त्या एकेक उघडून पाहिल्या. बाकी सगळं ओळखीचं. खाकरणारं, ऊठ म्हणणारं त्यात काही नव्हतं. मी शांतारामांना फोन करून सांगितलं, मशीन निर्मळ आहे. पलीकडून ते म्हणाले, “मग तर जास्तच वाईट झालं की.”

मी फोन ठेवला. मी देवरेंना म्हटलं, डिस्क त्याच्याच डब्यात बसवा आणि ते मशीन तसंच चालू करा.

देवरेंनी लिंबू-मिरची सोडून बाजूला ठेवली आणि जुने स्पीकर जोडले. दुपारचे बारा-साडेबारा वाजले होते, खाली रस्त्यावर हॉर्न चालले होते, चष्म्याच्या दुकानात कोणीतरी भाव करत होतं. विंडोज उठलं. त्याच्या मागोमाग रेघ आपोआप सुरू झालं. पडद्यावर कोरा कागद आला आणि काही झालं नाही. मी देवरेंकडे बघून तोंड उघडलं, तेवढ्यात स्पीकरमधून कोणीतरी खाकरलं.

अगदी माणूस बोलण्याआधी घसा साफ करतो तसं. मग घोगरा, हळू आवाज आला. “नलू, ऊठ. चहा निवतोय. वाढदिवसाच्या दिवशी तरी गरम पी.” शेवटी जरासं हसू, आणि शांतता.

देवरेंच्या तोंडून त्यांच्या घरची अहिराणी बाहेर पडली. “मॅडम, यामा कोन बोली राह्यना?”

यात कोण बोलत होतं, ते मी ओळखलं होतं. माझ्याच समोरच्या खुर्चीवर मफलर गुंडाळून त्याने अर्धा कप चहा प्यायला होता. त्याला जाऊन वर्ष उलटलं होतं आणि तो माझ्या खोलीत, भर दुपारी, बायकोला उठवत होता.

मशीन बंद केलं, वायर काढली, परत लावलं. पुन्हा खाकरणं, पुन्हा हाक. तिसऱ्यांदा देवरे म्हणाले, “पुरे, मॅडम.” पण मला आता समजून घ्यायचं होतं.

उलगडा व्हायला तासभर लागला. कॉम्प्युटरच्या आत रुपयाएवढा एक गोल सेल असतो. वीज गेली तरी मशीनचं घड्याळ त्या सेलवर चालू राहतं. सेल मेला की वीज जाताच मशीन दिवस-महिना-साल सगळं विसरतं आणि परत सुरू झाल्यावर अगदी पहिल्या दिवसापासून मोजायला लागतं: १ जानेवारी १९८०. शांतारामांच्या मशीनचा सेल मेलेला होता. दिवाकरांनी रेघच्या आत एक चोरकप्पा ठेवला होता. सुरू होताना रेघ तारीख बघायचं, आणि एक जानेवारी असेल तर अकरा सेकंदांची एक फाईल वाजवायचं. साल कुठलंही असो. नलिनीबाईंचा वाढदिवस एक जानेवारीचा, हे त्यांच्या मशीनच्या कागदपत्रांत मी स्वतः वाचलं होतं.

ऑपरेशन होणार हे कळल्यावर, आवाज होता तोवर, त्यांनी तो ठेवून दिला होता. दुसरीकडे कुठे नाही, थेट रेघच्या फायलींत, टकटक आणि घंटीच्या शेजारी. वाढदिवसाला सकाळी तिने मशीन लावलं की आपोआप ऐकू यावं, एवढाच बेत असणार. मग तीच आवृत्ती सीड्यांवर चढली आणि विकली गेली. म्हणजे ती फाईल पॅकेजचा भाग झाली. मी पॅकेजचे ठसे घेतले आणि ती ओळखीची झाली.

जुन्या कामांच्या नोंदींच्या सीड्या मी काढल्या आणि तो एक ठसा शोधत गेले. इगतपुरीची एक शाळा: आढळला, वगळला. सिन्नरची पतसंस्था: आढळला, वगळला. मालेगावच्या हनीफभाईंनी अलीकडे दुसरं मशीन आणलं होतं, त्यावरही लेबलं छापायला रेघ होतंच: आढळला, वगळला. चाळीसच्या वर डिस्का निघाल्या. एवढ्या वेळा तो माणूस माझ्या हातांतून गेला होता, जसाच्या तसा, एका श्वासाचाही फरक नाही, कारण फरक असता तर ठसा जुळला नसता. वर्षातून एका सकाळी जिल्हाभरच्या मशीनमधून तो तिला उठवत होता आणि बहुतेक मशीनना स्पीकरच नव्हते. बाकीच्या दिवशी तो फक्त तिथेच बोलायचा, जिथलं घड्याळ मेलेलं असायचं.

सगळ्यात शेवटी मी नलिनीबाईंच्या डिस्कची नोंद उघडली. तेच दोन शब्द होते. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही. दोन तासांचं काम, देवरे म्हणाले होते.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं एसटीने इगतपुरीला गेलो. पिशवीत स्पीकरची जोडी. नलिनीबाईंच्या भावाचं रेल्वेचं क्वार्टर शोधायला वेळ लागला नाही. पुढच्या खोलीत खिडकीशी तेच मशीन होतं, पडद्यावर कुणाचातरी रेशनकार्डाचा अर्ज, रेघमध्ये. दिवाकरांच्याच अक्षरांत त्या वर्षभर लोकांचे अर्ज टाइप करत होत्या. मधला एक जानेवारीही त्या मशीनसमोर बसून गेला होता.

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. “तुमच्या यजमानांनी खरं लिहिलं होतं. आवाज डिस्कमध्ये होता. मी टाकून दिला.”

त्यांना लगेच समजलं नाही. मग मी सगळं सांगितलं, यादी, वगळणं, नांदगावचं मशीन. हेही सांगितलं की त्याच दिवशी मी तो त्यांना परत बसवून दिला होता, आणि नाही म्हणून सांगितलं होतं.

“म्हणजे यातच आहे?” त्यांनी पडद्याकडे बघून विचारलं. “इतके दिवस?”

“हो.”

“आणि तुम्ही तेव्हा ऐकलं नव्हतं.”

“नाही.”

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. देवरेंनी स्पीकर जोडले, मशीनची तारीख बदलून एक जानेवारी केली आणि रेघ पुन्हा सुरू केलं. भिंतीपलीकडून मालगाडी चालली होती, ती जाईपर्यंत देवरेंनी बोट कळीवर तसंच धरून ठेवलं.

खाकरणं आलं आणि नलिनीबाईंनी मान वर केली. हाक आली. चहा निवतोय. वाढदिवसाच्या दिवशी तरी. हसू. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते, पण कानावर आलंच. अगदी रोजच्या, किंचित त्रासलेल्या सुरात त्या म्हणाल्या, “उठले हो, उठले.”

मग त्या रडल्या. देवरे बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले.

निघताना मी म्हटलं, फाईल वेगळ्या सीडीवर काढून देते, हवी तेव्हा ऐका. त्यांनी मान हलवली. “हवी तेव्हा ऐकली तर ती हाक कसली? हाक तेच मारायचे. मी नाही.” मग त्यांनी देवरेंना आत बोलावलं आणि विचारलं, “तो सेल काढता येतो का?”

“येतो, पण मशीनला तारीख राहणार नाही,” देवरे म्हणाले. “रात्री बटण बंद केलं की सकाळी सगळं विसरलेलं असणार. रोज आधी घड्याळ चुकलंय म्हणून तक्रार येईल, एफ-वन दाबावं लागेल, मग सुरू होईल.”

“दाबेन की.”

देवरेंनी माझ्याकडे पाहिलं. चांगलं चालणारं मशीन मुद्दाम बिघडवून देणं आमच्या धंद्यात पाप. मी मान डोलावली. त्यांनी डबा उघडला, नखाने तो सेल उचकटला आणि टेबलावर ठेवला. नलिनीबाईंनी तो देवापुढच्या तबकात नेऊन टाकला.

परत आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे यादीतून तो एक ठसा खोडला. त्यानंतर रेघ असलेली कुठलीही डिस्क आली की ती फाईल माणसाच्या वस्तूंमध्ये उरायची. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय? मी म्हणायचे, आहे एकांचं, असू द्या. शांतारामांना मी नवा सेल घालून मशीन परत दिलं आणि सगळी हकिकत सांगितली. ते म्हणाले, “मॅडम, आधी सांगितलं असतं तर बाई घाबरली नसती. बोललो असतो की त्या गेलेल्या माणसाशी.” वगळलेल्या ढिगातल्या आवाजाच्या फायली मात्र पुढे दुकान बंद होईपर्यंत देवरे एकेक करून ऐकत. पुन्हा कधी टिंगटाँगशिवाय काही निघालं नाही, तरी मी त्यांना एकदाही हटकलं नाही.

नलिनीबाईंची पत्रं येतात. रेघमध्ये टाइप केलेली, आणि वरची तारीख मशीन आपोआप घालतं. पाकिटावर पोस्टाचा शिक्का कधी मार्चचा असतो, कधी ऑगस्टचा. आत मात्र दर वेळी १ जानेवारी १९८०. पहिल्याच पत्राच्या खाली त्यांनी पेनाने लिहिलं होतं: “तारखेकडे लक्ष देऊ नका, ताई. ऐंशी साली मी शाळेत होते, ह्यांना ओळखतसुद्धा नव्हते. तरी रोज सकाळी हाक येते. चहा मात्र उठून मलाच करावा लागतो.”